रानभाजी बाधत नाही?

पहिला पाऊस पडला की पुण्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तोच निरोप फिरू लागतो: ‘रानभाज्यांना खत नाही, फवारणी नाही, त्यामुळे त्या कशाही खाल्ल्या तरी बाधत नाहीत.’ पहिली दोन वाक्यं बहुतेक वेळा खरी. तिसरं मात्र साफ चूक.

शेवळंच घ्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे, सुरणाच्या कुळातले कोंब. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला-घशाला टोचतात. म्हणून जाणत्या बायका आतला पिवळा भाग काढून टाकतात, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परततात आणि काकडांचा, म्हणजे काकड या रानझाडाच्या फळांचा, आंबट कोळ घालून शिजवतात. काकडं मिळाली नाहीत तर चिंच. आंबट टाळलंत तर घसा रात्रभर आठवण करून देईल! अळूच्या फदफद्यात चिंच पडते तीही याचसाठी, नुसती चवीसाठी नव्हे.

कळलावीचं फूल तर काय देखणं, पण तिच्या कंदात कोल्चिसिन हे जीवघेणं विष असतं. रानातलीच ती, बिनखताची.

मुळशी-वेल्ह्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना जुडीचा भाव विचारतोच आपण. ‘मावशी, ही करायची कशी?’ हेही विचारा. निम्मी भाजी त्या उत्तरात असते.