पेट्रोल पंपाला घराचं सोंग

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या ओडेल गावात, जुन्या रूट ६६ महामार्गाच्या कडेला, १९३२ साली बांधलेला एक पेट्रोल पंप जतन करून ठेवला आहे. लांबून ते टुमदार घरच वाटतं: उतरतं छप्पर, खिडक्या आणि पुढे खांबांवर तोललेली पडवी. गाडी या पडवीखाली उभी राही. आराखडा मूळचा स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायो या तेल कंपनीचा, १९१६ सालचा. पेट्रोल विकायला घराचं सोंग का घ्यावं लागलं, ते शेजाऱ्यांमुळे.

आरंभी पेट्रोल किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळे. पिंपातून मापाने काढायचं आणि नरसाळ्यात शॅमॉय नावाचं मऊ कातडं ठेवून गाळायचं. पेट्रोल खाली उतरे, पाणी वर राही. पुढे दुकानांसमोर फुटपाथच्या कडेला हातपंप आले आणि रस्ता अडू लागला. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने पिट्सबर्गमध्ये रस्त्यापासून आत, गाडी थेट आत घेता येईल असा विटांचा पंप सुरू केला. दर गॅलनला २७ सेंट. पहिल्या दिवसाची विक्री ३० गॅलन, म्हणजे जेमतेम ११४ लिटर! चाकांत हवा मात्र फुकट.

मग पंप वस्त्यांत शिरले. पत्र्याच्या टपऱ्या, वास आणि आगीची धास्ती घराशेजारी कोणाला हवी? विरोध मोडायला कंपन्यांनी घराचं रूप उचललं. प्युअर ऑइल कंपनीसाठी कार्ल पीटरसन यांनी आखलेले पंप तर इंग्लिश कॉटेजसारखे होते: पांढऱ्या भिंती, उभट निळं छप्पर, धुराडी. यात धंद्याची हुशारीही होती, कारण ते निळं छप्पर गाडीवाल्याला पाटी वाचण्याआधीच ओळखू येई.

पडवीचा उपयोग केवळ उन्हापावसापुरता नव्हता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि जमिनीलगत साचते. बाजू मोकळ्या असल्या की ती वाऱ्याने पांगते. अडचण एवढीच, की खांबांमुळे जागा अडे आणि उंच ट्रक खाली मावत नसे.

खरी करामत पेट्रोल ओतणाऱ्या यंत्रात होती. त्या काळच्या बहुतेक यंत्रांच्या डोक्यावर काचेचं नळकांडं असे, साधारण १० गॅलनचं. पंपवाला लांब दांडा मागेपुढे हलवी. दट्ट्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल वर चढवी. काचेत गॅलनगणिक आकड्यांच्या पट्ट्या असत, शून्य सर्वांत वर. पातळी शून्याला पोचली की जादा पेट्रोल एका नळीतून परत टाकीत जाई. मग होजची तोटी उघडायची; पेट्रोल स्वतःच्या वजनाने गाडीत उतरे. आपल्याकडे पंपावर ‘झीरो बघा’ म्हणतात, तशीच ही मापात पाप नसल्याची खात्री.

तरी खोट उरेच. पेट्रोल दर अंश सेल्सियसला सुमारे ०.१ टक्का फुगतं. जमिनीखालचं गार पेट्रोल उन्हात १५ अंशांनी तापलं, तर ३८ लिटरमागे, म्हणजे १० गॅलनमागे, अर्धा लिटरहून अधिक फुगवटा होतो. तो जादा नळीतून गुपचूप टाकीत परततो. आकडा बरोबर, पण वजनाने माल कमी. होजमध्ये उरलेलं पेट्रोल, गळणारी झडप, धुरकट काच हे वेगळंच. मीटरचे पंप आले तशी ही नळकांडी मागे पडली.

गाड्या वाढल्या तसा दुरुस्तीचा धंदाही वाढला. ओडेलच्या पंपाला पुढे दोन गाड्यांचं गॅरेज जोडलं, ते पडवीच्या तोलाला शोभत नाही. १९३७ च्या सुमारास डिझायनर वॉल्टर डॉर्विन टीग यांनी टेक्साको या तेल कंपनीसाठी पांढऱ्या एनॅमल पत्र्याचे चौकोनी पंप आखले आणि घराची ऐट ओसरली.

असा जुना पंप दुरुस्तीला घेतला, तर छपराआधी टाकी शोधावी. त्या टाक्या साध्या पोलादाच्या. ओल्या मातीत गंजून भोकं पडतात, पेट्रोल भूजलात जातं. बाहेर डोकावणारी वाफेची नळी किंवा भरणीचं झाकण ही तिची खूण. आणि टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना पेट घेते. भरलेल्या टाकीत ती बहुधा याहून दाट असते. जवळपास रिकाम्या टाकीत नेमकी याच टप्प्यात येऊ शकते. म्हणून कापण्याआधी निष्क्रिय वायू भरून वाफ बाहेर काढतात, वाफ मोजणाऱ्या मीटरने तपासतात, आणि मगच कटर चालवतात.