पार्क से-उन : पॅरिस ऑपेराच्या पहिल्या आशियाई 'एत्वाल'मागचा इतिहास

कोविडमुळे कित्येक महिने बंद असलेली पॅरिसची नाट्यगृहे २०२१च्या उन्हाळ्यात नुकतीच उघडली होती. १० जूनच्या रात्री बास्तीय ऑपेरागृहात, मास्क लावून बसलेल्या प्रेक्षकांसमोर, प्रसिद्ध नर्तक-नृत्यदिग्दर्शक नुरेयेवने बसवलेला 'रोमिओ आणि ज्युलिएट' हा बॅले संपला. त्यानंतर ऑपेराचे संचालक अलेक्झांडर नेफ यांनी रंगमंचावरूनच घोषणा केली, की आजची ज्युलिएट, कोरियन नर्तिका पार्क से-उन, यापुढे 'एत्वाल' (तारा) असेल. चौदाव्या लुईच्या काळापासून चालत आलेल्या या संस्थेत आशियाई कलावंताला हा सर्वोच्च दर्जा पहिल्यांदाच मिळत होता.

बातम्यांमध्ये 'पहिली आशियाई' एवढेच ठळकपणे आले. त्याआधीची तिची दहा वर्षे मात्र समजून घ्यायला हवीत.

पॅरिस ऑपेराच्या बॅलेत पाच पायऱ्या आहेत : काद्रीय, कोरिफे, सुजे, प्रीमिए दान्सर आणि एत्वाल. बहुतेक नर्तक संस्थेच्याच शाळेतून येतात. ही शाळा १७१३ची, आणि मुले तिथे लहानपणीच दाखल होतात. बाहेरून आलेल्यांना मोजक्या जागांसाठी चाचणी द्यावी लागते. से-उन आली त्या काळात आत गेल्यावरही वर चढायचे तर अंतर्गत स्पर्धा होतीच. संस्थेच्या जुन्या गार्निए ऑपेरागृहाच्या रंगमंचावर एकेकट्याने दोन नाच करायचे, एक नेमून दिलेला आणि एक स्वतः निवडलेला. समोर परीक्षक, आणि टाळ्या वाजवायला मनाई. त्यातून तो रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला पाच टक्के उतरता आहे. सपाट जमिनीवर शिकलेल्या नर्तकाचा तोल तिथे गिरकी घेताना पुढे जातो, त्यामुळे शरीराचा भार कुठे ठेवायचा इथपासून फेरतयारी करावी लागते. एत्वालपदासाठी मात्र स्पर्धा नाही. ते संचालकांच्या मर्जीने मिळते, नाहीतर मिळतच नाही.

से-उन २०११मध्ये बाहेरची चाचणी देऊन आली, तीही वर्षभराच्या करारावर आणि सर्वांत खालच्या पायरीवर. तेव्हा ती नवखी नव्हती. २००७मध्ये तिने स्वित्झर्लंडमधली लोझानची बॅले स्पर्धा जिंकली होती आणि २०१०मध्ये बल्गेरियातल्या व्हार्नाच्या बॅले स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले होते. न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकन बॅले थिएटर'च्या तरुण चमूत आणि सोलमध्ये 'कोरियन नॅशनल बॅले'तही ती नाचली होती. एवढे सगळे गाठीशी असताना ती पुन्हा समूहनृत्याच्या मागच्या रांगेत उभी राहिली. यातली खरी अडचण शैलीची होती. कोरियातले तिचे शिक्षण रशियन वागानोवा पद्धतीचे : उंच जाणारे पाय, पाठीतून उमलणारे रुंद हात. फ्रेंच शैलीचा जीव पायाच्या बारीक, वेगवान कामात आणि नेमक्या संयमात. एका घराण्यात पक्क्या झालेल्या गायिकेने विशीत दुसऱ्या घराण्याच्या गुरूपुढे बसून आवाज नव्याने लावायचा, तसलेच हे काम.

मुळात ती पक्की होऊन आली, हाच कोरियाच्या बॅले-इतिहासातला मोठा बदल आहे. तिच्याआधीची पिढी पाहिली की तो लक्षात येतो. कांग सू-जिनचा जन्म १९६७चा. तिच्या लहानपणी देशात राष्ट्रीय कंपनी होती, १९६२पासून. पण जागतिक दर्जाचे शिक्षण घ्यायचे तर देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पंधराव्या वर्षी ती मोनॅकोला मारिका बेसोब्राझोव्हांकडे गेली. १९८५मध्ये तिने लोझानची स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी जर्मनीतल्या श्टुटगार्ट बॅलेत ती रुजू झाली. तिथे तिने तीस वर्षे काढली. २०१६च्या जुलैत 'ओनेगिन' या बॅलेतली तात्याना करून तिने निरोप घेतला, तेव्हा प्रेक्षकांनी लाल हृदये छापलेले कागद उंचावून तिला धन्यवाद दिले. तिच्या गाठी पडलेल्या, वेड्यावाकड्या बोटांच्या पायांचा फोटो कोरियात इतका गाजला, की बॅले कधी न पाहिलेल्यांनाही तो माहीत असतो. कष्टाचे प्रतीक म्हणून तो फोटो ठीकच. पण त्याच्या नादात शिक्षणव्यवस्थेचा प्रश्न बाजूला पडतो, असे मला वाटते.

तो प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला 'कोरिया नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्स'ने. सरकारने नव्वदच्या दशकात उभारलेल्या या विद्यापीठात रशियन पद्धतीचे पूर्ण शिक्षण सोलमध्येच मिळू लागले. पुढे रशियातल्या मारिन्स्की बॅलेचा प्रमुख नर्तक झालेला किम की-मिनही याच संस्थेतला, आणि से-उनही. किम योंग-गोल हा कोरियन नर्तक २००० साली पॅरिस ऑपेरात गेला, सुजेपर्यंत चढला आणि २००९मध्ये परत येऊन याच विद्यापीठात शिकवू लागला. पॅरिसच्या पायऱ्या प्रत्यक्ष चढलेला माणूस आता शिक्षक म्हणून घरीच होता. कांग सू-जिनला असे कोणी लाभले नव्हते.

पॅरिसमध्ये से-उन २०१३मध्ये कोरिफे, पुढच्या वर्षी सुजे झाली. त्यापुढच्या पायरीसाठी तीन वर्षे गेली. प्रीमिएर दान्सज (प्रीमिए दान्सरचे स्त्रीलिंगी रूप) हा दर्जा २०१७पासून. २०१८मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलांशीनच्या 'डायमंड्स' या बॅलेतल्या नाचासाठी तिला बेन्वा द ला दान्स हा मानाचा पुरस्कार मिळाला. तरीही एत्वालपद लांबलेच.

२०२०मध्ये ऑपेरातल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी संस्थेतल्या भेदभावाबद्दल जाहीर निवेदन काढले. फेब्रुवारी २०२१मध्ये इतिहासकार पाप न्दियाय आणि कॉन्स्तांस रिव्हिएर यांचा संस्थेतल्या विविधतेवरचा अहवाल आला. चार महिन्यांनी से-उनची घोषणा झाली, तेव्हा दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह होतो. वातावरणाचा काहीच परिणाम नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण काद्रीयपासूनची प्रत्येक पायरी तिने त्या अहवालाच्या कितीतरी आधी चढली होती.

मार्च २०२३मध्ये पॅरिस ऑपेरा बॅले तीस वर्षांनी सोलला 'जिझेल' हा बॅले घेऊन गेली. से-उन तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. योगायोग असा, की त्या दौऱ्यात गियोम द्योपला सोलच्याच रंगमंचावर एत्वाल घोषित करण्यात आले. तो या पदावरचा पहिला कृष्णवर्णीय नर्तक. मुलीच्या जन्मानंतर से-उन परत नाचू लागली. त्याच विद्यापीठातून आलेली कांग हो-ह्युनही आता पॅरिसच्या त्याच पायऱ्यांवर आहे. ऑपेराचे नर्तक नियमाप्रमाणे ४२व्या वर्षी निवृत्त होतात. १९८९च्या डिसेंबरात जन्मलेल्या से-उनच्या हाती त्यामुळे अजून काही मोसम आहेत.