स्ट्रट्स २ मधील फॉर्मची पडताळणी

अपाची स्ट्रट्स २ या जावा फ्रेमवर्कमध्ये वापरकर्त्याने वेबफॉर्ममध्ये भरलेली माहिती अ‍ॅक्शनच्या (विनंती हाताळणाऱ्या जावा क्लासच्या) मुख्य मेथडपर्यंत पोहोचण्यापूर्वी तपासून घेण्याची व्यवस्था. ब्राउझरकडून येणारे मूल्य मुळात निव्वळ मजकूर असते. त्यामुळे त्याचे संख्येत किंवा तारखेत रूपांतर होते का आणि रूपांतरित मूल्य नियमात बसते का, हे दोन प्रश्न वेगवेगळे हाताळावे लागतात. वयाच्या रकान्यात ‘बारा’ असा शब्द लिहिणे ही रूपांतराची चूक, तर उणे पाच लिहिणे ही नियमाची चूक होय.

नियम कोठे लिहायचे, यावरून पद्धती ठरतात. अ‍ॅक्शन-क्लासच्या नावाशी जोडलेल्या एक्सएमएल फाइलमध्ये ते लिहिले, तर जावा कोडला हात न लावता बदलता येतात. मात्र नियम आणि कोड दोन ठिकाणी राहिल्याने एकात केलेला बदल दुसऱ्यात करायचा राहून जातो. अ‍ॅनोटेशनमुळे, म्हणजे जावा कोडमध्येच नियम नोंदवणाऱ्या खुणांमुळे, ही फारकत टळते. २००९ मध्ये जेएसआर ३०३ या जावा-मानकाद्वारे प्रमाणित झालेली बीन व्हॅलिडेशनची अ‍ॅनोटेशनेही प्लगइनद्वारे वापरता येतात, आणि तोच नियम डेटाबेसच्या थरालाही उपयोगी पडतो. परतीची तारीख निघण्याच्या तारखेनंतरची असावी, अशा परस्परावलंबी रकान्यांसाठी मात्र ‘व्हॅलिडेट’ मेथडमध्ये साधा जावा कोड लिहिणेच अधिक स्पष्ट ठरते. एक्सएमएल व अ‍ॅनोटेशनमधील नियम आधी तपासले जातात आणि ही मेथड त्यानंतर चालते.

चुका आढळल्यास ‘वर्कफ्लो’ इंटरसेप्टर (विनंती वाटेत अडवून तपासणारा घटक) मुख्य मेथड न चालवता ‘इनपुट’ हा निकाल परत करतो आणि भरलेला फॉर्म संदेशांसह पुन्हा दिसतो. हा निकाल कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवलेला नसेल, तर संदेशांऐवजी त्रुटीचे पान येते. नवशिक्यांची ही नेहमीची अडचण आहे. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट तपासणी वापरकर्त्याच्या सोयीपुरतीच असते, कारण ती टाळून सर्व्हरकडे थेट विनंती पाठवता येते.

तपासणीची यंत्रणाही निर्धोक असेलच असे नाही. २.२.३.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत रूपांतर फसलेले मूल्य ओजीएनएल या स्ट्रट्समध्ये वापरल्या जाणाऱ्या भाषेतील अभिव्यक्ती म्हणून चालवले जाई, आणि त्यामुळे चुकीच्या आदानातूनच सर्व्हरवर परका कोड चालवणे शक्य होते.

मराठी फॉर्मसाठी नियम विशेष काळजीपूर्वक लिहावे लागतात. जावाची पूर्णांक वाचणारी मूळ मेथड ‘१२’ हे देवनागरी अंक स्वीकारते, पण रेगेक्समधील (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातील) अंकाची खूण मुळात फक्त इंग्रजी अंक ओळखते. युनिकोडमध्ये काना, वेलांटी व हलन्त यांची गणना अक्षरांत नव्हे तर चिन्हांत होते; म्हणून ‘फक्त अक्षरे’ असा नियम ‘सीता’ हे नावही नाकारतो. लांबीचा नियम ‘क्षितिज’ हा शब्द तीन नव्हे, तर सात वर्णांचा मोजतो, त्यामुळे नावाच्या रकान्याची कमाल लांबी ठरवताना तेवढी मोकळीक ठेवावी लागते.