नळीचं तोंड लिंपलं गेलं, आता पुढे काय?

आमच्याकडून एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठीचं नळ्यांचं घरटं नेल्यावर दीड-दोन महिन्यांनी ग्राहकांचा ठरलेला फोन येतो: 'नळ्या मातीनं बंद झाल्यात, एकही माशी दिसत नाही. आत सगळं मेलं का?' नाही. खरं काम आता आत चाललंय. म्हणूनच कृपया नळी उघडून पाहू नका.

जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना ना राणी, ना पोळं. राखायला पोळंच नसल्यानं त्या सहसा डंखही मारत नाहीत. आमच्या नळ्यांत मुख्यतः गवंडी माशी येते. (भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण वेगळी. ती गांधीलमाशीच्या गोतातली, पिल्लांसाठी अळ्या साठवते.)

गवंडी मादी तळापासून सुरुवात करते. पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एकच अंडं, मग मातीची भिंत. की लागली पुढच्या खोलीला. गंमत अशी, की अंडं फलित करायचं की नाही हे तीच ठरवते. फलित अंड्यातून मादी, नुसत्यातून नर. माद्या तळाशी, नर तोंडाशी, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी आखूड असली की नरच जास्त निपजतात. आमची नळी 15 सेंटिमीटर लांब आणि आतून 8 मिलिमीटर रुंद आहे ती यासाठीच. चार बोटांच्या नळ्या शोभेला ठीक.

साधारण आठवड्याभरात अळी निघते आणि गोळा खात सुटते. सगळ्यात नाजूक काळ हाच. घरटं आपटलं, तर अंडं किंवा लहानगी अळी गोळ्यावरून सुटते आणि उपाशी मरते. खाणं संपल्यावर ती रेशमाचा तपकिरी, चिवट कोश विणते. कोशाला चिकटलेले काळपट दाणे म्हणजे अळीची विष्ठा, कीड नव्हे.

गवंडी माशी थंडीआधीच पूर्ण वाढते आणि कोशातच झोपून राहते. पानांच्या तुकड्यांनी नळी भरणारी पानकापी माशी मात्र बहुधा अळीच्याच रूपात हिवाळा काढते. तिची निपचित पांढरी अळी मेलेली समजून टाकू नका.

कोश काढायचे ते थंडी सुरू झाल्यावर, नळीतलं कागदी अस्तर अलगद उलगडून. पिवळसर, वळवळणारी पूड दिसली तर ते परागावरचे माइट, म्हणजे अगदी बारीक किडे. गार पाण्यात कोश धुऊन सावलीत वाळवा. बारीक भोक पडलेले कोश बाजूला काढा, ते परजीवी गांधीलमाशीचं काम. बाकीचे कोश भोकं पाडलेल्या डब्यात, 2 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवा. सोबत ओलसर फडकं हवंच, नाहीतर फ्रिजमध्ये ते सुकतात.

फुलं उमलू लागली की डबा घरट्याशेजारी, आडोशाला ठेवा. आधी नर निघतील. माद्यांना त्यानंतर काही दिवस लागतात, तोवर उरलेले कोश फेकू नका.