स्लॅब जाड केला म्हणजे इन्सुलेशन झालं, हे कोणी सांगितलं?

मार्च संपत आला की आमच्याकडे हा विषय निघतोच. जळगाव असो, भुसावळ असो, अमळनेर असो नाहीतर धुळं, जो वरच्या मजल्यावर राहतो तो विचारत फिरतो की घर थंड कसं करू, आणि त्याला बहुतेक जण एकच सांगतात की वर अजून एक थर टाक, कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) कर, जितकं जाड तितकं गार, जुनी मातीची घरं बघ ना, दोन दोन फुटाच्या भिंती होत्या म्हणूनच मे महिन्यात आत गार वाटायचं. हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि इतक्या लोकांचे पैसे यात गेलेले बघितलेत की एकदा नीट लिहूनच काढतो.

जाडी उष्णता साठवते आणि उशिरा सोडते. इन्सुलेशन उष्णता अडवतं. ही दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडे दोन्हीला लोक इन्सुलेशनच म्हणतात.

स्लॅब कसा असतो ते सांगत बसत नाही, आपण सगळे त्याच्याखालीच झोपतो. मांडे करताना बघितलेत ना? चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापायला वेळ घेतं, पहिला मांडा म्हणूनच नीट होत नाही, पण एकदा तापलं की चुलीतलं लाकूड मागे ओढलं तरी शेवटचे एकदोन मांडे त्याच धगीवर निघतात. खापराने उष्णता अडवली का? नाही. पोटात घेतली आणि सावकाश देत बसलं. तुमचा पाच इंची स्लॅब म्हणजे घरावर पालथं घातलेलं खापर आहे, चूल तेवढी वरून पेटते.

आता दुसरं बघा. लग्नसराईत बर्फाची लादी आणतात ती लाकडाच्या भुशात पुरून वर गोणपाट टाकून आणतात. भर उन्हात तासन्‌तास लादी टिकते. भुसा काय स्वतः गार असतो का? हात घालून बघा, साधाच असतो. पण त्याच्यात जागोजागी हवा अडकलेली असते आणि ती अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. आजीची गोधडी तेच काम उलट्या बाजूने करते, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे एकच वस्तू बर्फालाही चालते आणि थंडीत माणसालाही, म्हणून इन्सुलेशन उन्हाळा हिवाळा दोन्हीला कामाचं आहे. थर्माकोल, ग्लासवूल आणि रॉकवूल (काचेची आणि दगडाची लोकर), पफ (कडक फोम), एक्सपीएस (थर्माकोलसारखाच पण घट्ट बोर्ड) ही सगळी भुशाच्या जातीची, आणि स्लॅब, वीट, कोबा, शहाबादी फरशी हे सगळं खापराच्या जातीचं.

थोडे आकडे. मटेरियलमधून उष्णता किती सहज जाते याला के व्हॅल्यू म्हणतात, कमी तेवढी चांगली. काँक्रीटची साधारण १.५८, विटेची ०.८ च्या आसपास, थर्माकोलची ०.०३५. म्हणजे काँक्रीटमधून थर्माकोलपेक्षा साधारण पंचेचाळीस पट उष्णता जाते. दोन इंच थर्माकोल जेवढं अडवतं तेवढं अडवायला काँक्रीट किती लागेल? सात फुटाच्या वर. सात फूट!! आणि आपण चार इंच कोबा टाकून आता घर थंड होणार म्हणून वाट बघत बसतो.

मीही बसलो होतो. आमचं घर एकमजली, वर उघडी गच्ची, स्लॅब पाच इंच. उन्हाळ्यात संध्याकाळी पाच साडेपाचला खोली सगळ्यात जास्त तापायची. ठेकेदार म्हणाला ब्रिकबॅट कोबा टाका, गळतीही बंद आणि गरमीही बंद. टाकला. गळती खरंच बंद झाली, त्याबद्दल तक्रार नाही, कोबा असतोच त्यासाठी. आणि दुपारी घर आधीपेक्षा जरा बरंही वाटायला लागलं, एप्रिलचे पहिले आठ दिवस आम्ही खूश होतो. पण मग रात्रीचं लक्षात यायला लागलं. नऊ साडेनऊला, जेवणं आटोपून अंथरूण टाकायच्या वेळी छत जे तापलेलं असायचं ते विचारू नका, पंख्याखाली झोपलं की जणू कोणी वरून गरम टॉवेल झटकतंय. मी स्टुलावर चढून छताला हात लावला तर इस्त्री बंद करून ठेवल्यावर थोड्या वेळाने लागते तसं लागलं. बाहेर अंगणात हवा सुटलेली आणि आत भट्टी. शेजारचे नाना पत्र्याच्या खोलीत राहतात, ते दुपारी हैराण असायचे पण रात्री नऊला गाढ झोपलेले, आणि आम्ही पक्क्या घरातले बारा वाजेपर्यंत जागे. आबा एकच वाक्य म्हणायचे, "रातले घर भट्टी व्हई जास."

का झालं असं? पाच इंच स्लॅबमधून वरची धग खाली उतरायला साधारण तीन साडेतीन तास लागतात. त्यावर चार इंच कोबा आला की सहा सात तास. म्हणजे दुपारी एक दीडला गच्चीवर जे ऊन सगळ्यात कडक असतं ते आधी पाचला खाली पोचायचं, आता रात्री आठ नऊला पोचायला लागलं. धगीच्या लाटेची उंची थोडी कमी झाली, पण ती नेमकी झोपेच्या वेळेवर आणून ठेवली. आणि चोवीस तासांची बेरीज केली तर घरात येणारी उष्णता थोडी कमी झाली होती, पण बरीचशी येतच होती. ही गोष्ट कळायला मला दोन उन्हाळे लागले, आणि मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे, कारण दुपारी हात लावून बघणाऱ्याला जाड स्लॅब खरोखर गार लागतो. त्याला वाटतं उष्णता अडली. ती अडलेली नसते, वाटेत असते.

मग जुन्या घरांचं काय, ती तर गार असायची, हा प्रश्न येतोच. असायचीच, माझं लहानपण धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलंय. पण नीट आठवून बघा. खाली कडीपाट, त्यावर काड्या आणि निंबाचा पाला, त्यावर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी वर खारी माती. त्या पाल्यात, काड्यात, भुसभुशीत मातीत हवा असते, म्हणजे धाबं थोडंफार भुशाचंही काम करायचं. मातीची के व्हॅल्यूही काँक्रीटच्या निम्म्याहून कमी आणि भिंती चोवीस चोवीस इंच. ते सगळं सोडून आपण पाच इंच काँक्रीटला त्याच माळेत बसवतो. शिवाय सगळ्यात मोठी गोष्ट, मे महिन्यात त्या घरात रात्री झोपायचं कोण? कोणीच नाही. सगळी पोरंसोरं धाब्यावर, मोठी माणसं अंगणात खाटेवर. दिवसभर भिंतींनी उष्णता पोटात घ्यायची, रात्री दारं झरोके उघडे ठेवून ती बाहेर सोडायची, सकाळी घर पुन्हा गार. ती पद्धतच तशी बसवलेली होती. आता आपण डास, चोऱ्या, लहान मूल, म्हातारी माणसं अशा दहा कारणांनी खिडक्या बंद करून त्याच तापलेल्या खापराखाली झोपतो, आणि मे मधल्या रात्री जेव्हा पारा अठ्ठावीस एकोणतीसच्या खाली उतरतच नाही तेव्हा भिंतींनी उष्णता सोडायची तरी कुठे?

म्हणून जाडी वाईट असं माझं म्हणणं नाही, जाडी कुठल्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. इन्सुलेशन स्लॅबच्या वर टाकलं तर ऊन वरच अडतं, स्लॅब घराच्या बाजूला राहतो आणि घरासारखाच गार राहतो, तेव्हा तीच जाडी तुमच्या कामाला येते. खालून टाकलं, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या आत, तर खोली वाचते पण स्लॅब बिचारा रोज तापतो, फुगतो, रात्री आकसतो, आणि काही वर्षांनी चिरा दिसायला लागतात. मी वरूनच टाकण्याच्या मताचा आहे. भाड्याचं घर असेल, वर दुसऱ्याची गच्ची असेल तर खालून करा, तेवढीच सूट.

आम्ही शेवटी दोन इंचाचे एक्सपीएस बोर्ड टाकले. गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड एकमेकाला खेटून, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग जाळी टाकून दोन इंच काँक्रीट, उतार पाण्याच्या पाईपकडे. साधा पांढरा थर्माकोल गच्चीवर टाकू नका, हलक्या घनतेचा असेल तर पायाखाली दबतो आणि पाणी धरतो, आणि ओलं इन्सुलेशन म्हणजे ओली गोधडी. बीईई म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था, तिची २०१८ ची इको निवास संहिता म्हणते की घराच्या छताची यू व्हॅल्यू, म्हणजे सगळे थर धरून छतातून किती उष्णता जाते तो आकडा, १.२ च्या आत हवी. उघडा स्लॅब साडेतीनच्या आसपास असतो, कोबा टाकूनही अडीचला अडकतो, दोन इंच एक्सपीएस आल्यावर ०.५ च्या आसपास येतो. आता रात्री नऊला छताला हात लावला तर भिंतीसारखंच लागतं. कूलरही आता खरा कामाला येतो, कारण कूलर हवा गार करतो, पण छताची धग सरळ अंगावर येते तिला कूलर काही करू शकत नाही.

हिवाळ्याचं कोणी बोलतच नाही, जसं काही खान्देशात थंडी नसतेच. धुळ्याला लाट आली की पारा पाच सहा अंशावर येतो, आणि स्वच्छ आभाळाखाली उघडा स्लॅब रात्रभर वर उष्णता फेकत बसतो. संध्याकाळी शेकोटी करून, गरम गरम भरीत भाकरी खाऊन घरात आलो की बरं वाटतं कारण स्लॅबमधे दिवसाची ऊब असते, पण पहाटे चारला तोच स्लॅब डोक्यावर बर्फ ठेवल्यासारखा. सकाळी नऊला अंगणात ऊन आणि घरात काकडा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. वर इन्सुलेशन असलं की स्वयंपाकाची, माणसांची, दक्षिणेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाची ऊब आतच राहते. आमच्या घरात पहाटेचा दुसरा कांबळ आता लागत नाही.

बाकीचे घोळ पटकन सांगतो. पांढरा रंग, चुना, हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट हे ऊन परतवतात, अडवत नाहीत. उन्हाळ्यात मस्त काम, स्वस्तही, हात आखडता असेल तर सगळ्यात आधी हेच करा, फक्त धुळीने काळवंडलं की गुण जातो म्हणून दरवर्षी मार्चमधे धुवा नाहीतर पुन्हा लावा. पण हिवाळ्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. चायना मोझॅक, म्हणजे गच्चीवर बसवलेले पांढऱ्या टाइलचे तुकडे, त्याच जातीचं. गच्चीवर बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधणं म्हणजे सावली, तीही चांगली, फक्त वादळात उडते. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या टाकतात ते मात्र खरं इन्सुलेशनही आहे आणि सावलीही, आपल्या शेतकऱ्याला हे न शिकवता कळलेलं आहे, फक्त विस्तव आणि उंदीर सांभाळा. पत्र्याखालची चांदीची बबल शीट चालते, पण शीट आणि पत्रा यांच्यात इंचभर मोकळी हवा पाहिजे, चिकटवून टाकली की चांदीचा उपयोग संपला.

नुसतं पीओपी सीलिंग म्हणजे इन्सुलेशन नाही, वर ग्लासवूल नाहीतर रॉकवूल अंथरलेलं असेल तरच. आणि घरात उघडा थर्माकोल छताला चिकटवण्याचा जो प्रकार चाललाय तो बघून मला खरंच राग येतो, तो भुरकन पेटतो, स्वयंपाकघरात तर अजिबात नको.

भिंतींचं नंतर बघा. जळगाव साधारण एकवीस अक्षांशावर आहे, मे च्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार छतावर असतो. पश्चिमेच्या भिंतीला आणि खिडकीला बाहेरून आडोसा करा, आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. नवीन घर बांधत असाल तर एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेले हलके ब्लॉक) घ्या, आठ इंची ब्लॉक नऊ इंची विटेच्या जवळपास चौपट अडवतो.

आणि तुमचा ठेकेदार म्हणाला की अजून चार इंच टाकू, तर त्याला एवढंच विचारा की कशाचे चार इंच. उत्तर वीट, रेती, सिमेंट असं आलं तर ते गळतीसाठी आहे असं समजून त्याचे तेवढेच पैसे द्या, आणि बोर्डाचा भाव वेगळा काढायला सांगा.