पीटीएसडीवरचे मानसोपचार (मोठ्यांसाठी)

पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. युद्ध, बलात्कार, जीवघेणा अपघात, मारहाण असं काही अंगावर आल्यावर महिना उलटून गेला तरी ते प्रसंग नको असताना डोळ्यापुढे येत राहतात, झोपेत दचकायला होतं, साधा दरवाजा आपटला तरी छातीत धस्स होतं. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात हे नाव पहिल्यांदा आलं. त्या आठवणीच्या आसपासचं सगळं टाळणं हे याचं मोठं लक्षण आणि खरं तर याच टाळण्यावर आजार पोसला जातो, कारण टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण ‘ती गोष्ट आता होऊन गेलीय, आत्ता धोका नाही’ हे मनाला कळायची संधीच मिळत नाही. म्हणून ज्या उपचारांना भक्कम पुरावा आहे ते बहुतेक सगळे पेशंटला हळूहळू त्या आठवणीकडेच नेतात. ‘झालं गेलं विसरून जा’ हा सगळ्यांचा आवडता सल्ला नेमका याच्या उलट आहे.

प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर ही एडना फोआ यांनी विकसित केलेली पद्धत, साधारण ८ ते १५ सेशन, एकेक दीड तासापर्यंतचं. पेशंट डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो, म्हणजे ‘गाडी आली होती’ असं नाही तर ‘गाडी येतेय, मला हॉर्न ऐकू येतोय’ असं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं रेकॉर्ड होतं आणि ते रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं हा होमवर्क. ऐकायला क्रूर वाटतं खरं, पण बऱ्याच जणांची भीती अशी पुन्हा पुन्हा सांगून खाली येते, कितीदा तरी मधलाच एखादा विसरलेला तुकडा सापडतो आणि ‘मी काहीच केलं नाही’ म्हणणाऱ्याला कळतं की आपण ओरडलो होतो, पळायचा प्रयत्न केला होता. जोडीला टाळलेल्या जागांची यादी करून भीतीला ० ते १०० मार्क द्यायचे आणि झेपेल तिथून सुरुवात करून वर जायचं. अर्थात खरोखर धोक्याच्या जागी कोणाला पाठवत नाहीत.

कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, पॅट्रिशिया रेसिक यांनी आधी बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी तयार केली. साधारण १२ सेशन. इथे भर अडकून बसलेल्या विचारांवर असतो. ‘मी त्या रस्त्याने गेलेच नसते तर हे झालं नसतं’ हे वाक्य कागदावर घ्यायचं, मग याला पुरावा काय, तेव्हा मला नक्की काय माहीत होतं, दोष कोणाचा, असे प्रश्न स्वतःलाच विचारत जायचं. थेरपिस्ट ‘तुझी चूक नव्हती गं’ असं सांगून मोकळा होत नाही, सांगून पटत असतं तर घरच्यांनीच बरं केलं असतं. पूर्वी यात घटना सविस्तर लिहून काढावी लागायची, पण २००८ मधल्या एका अभ्यासात ते न लिहिताही फरक पडतो असं दिसलं आणि आता तो भाग ऐच्छिक आहे.

ईएमडीआर, म्हणजे आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग, ही थेरपी फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटांमागे डोळे फिरवायचे. उपयोग होतो हे डब्ल्यूएचओच्या २०१३ च्या शिफारशींतही मान्य आहे, वाद आहे तो डोळे फिरवण्याचा त्यात वाटा किती यावर.

घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच ‘काय काय झालं ते सांगा’ करून घेणं, म्हणजे डीब्रीफिंग, याने पीटीएसडी टळतो असं दिसत नाही, काही अभ्यासांत तर त्रास वाढलेला दिसला. झोपेच्या बेंझोडायझेपाइन गोळ्याही पीटीएसडीवर उपचार म्हणून देऊ नयेत असंच गाइडलाइन्स सांगतात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं चालतात, पण अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये औषधांच्या आधी वरच्या तीन थेरपी आहेत.

मोठी अडचण म्हणजे बरेच पेशंट मध्येच सोडून जातात. त्यात नवल नाही, ज्याच्यापासून माणूस पळतोय तिथेच त्याला दर आठवड्याला बोलवायचं. डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांची रिटन एक्सपोजर थेरपी इथे कामाला येते. फक्त ५ सेशन, प्रत्येकात ३० मिनिटं त्याच घटनेबद्दल हाताने लिहायचं, घरी काही करायचं नाही. २०१८ च्या एका तुलनेत ती १२ सेशनच्या सीपीटीपेक्षा कमी पडली नाही आणि मध्येच सोडणारे तर कितीतरी कमी होते.