मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन

हिंदी महासागरातील मॉरिशस देशाचे मूळचे प्राणी, पक्षी, वनस्पती आणि त्यांचा अधिवास यांच्या संरक्षणासाठी काम करणारी बिगरसरकारी संस्था. स्थापना १९८४. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जेरल्ड डरेल हे संस्थापकांपैकी एक.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मात्र त्याआधीची आहे. जंगलतोड, डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी, माणसाने आणलेले उंदीर, मुंगूस आणि माकडे यांमुळे बेटावरचे पक्षी झपाट्याने घटत होते. १९७४ मध्ये मॉरिशस खरूची या छोट्या शिकारी पक्ष्याची जंगलात फक्त ४ पाखरे माहीत होती. १९७९ मध्ये मॉरिशसला आलेले वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवली. मादी पुन्हा अंडी घालते आणि एकाच हंगामात दुप्पट पिल्ले मिळतात. जंगलातल्या पक्ष्यांना वरचे खाद्य दिले, घरट्यांसाठी पेट्या बसवल्या. पुढे गुलाबी कबूतर आणि एको पोपटही अशाच हातच्या देखभालीवर सावरले.

संस्थेचे सर्वांत धाडसी काम दिसते ते माहेबूर्गजवळच्या सुमारे २६ हेक्टरांच्या इल ओ एग्रेत या प्रवाळी बेटावर. उंदीर हटवून, परकी झाडे उपटून तिथे मूळचे किनारी जंगल पुन्हा उभे केले जात आहे. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला तिथला आबनूस अडचणीत होता: फळे झाडाखालीच पडून राहत, कारण ती खाऊन बिया दूर नेणारी मॉरिशसची महाकाय कासवे केव्हाच नामशेष झाली होती. म्हणून २००० मध्ये हिंदी महासागरातल्याच सेशल्स देशातल्या अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवे आणून सोडली. त्यांच्या विष्ठेतून बिया बेटभर पसरल्या, रुजल्याही चांगल्या. हरवलेल्या प्राण्याचे काम दुसऱ्या बेटावरच्या भाऊबंदाकडे सोपवण्याचा हा प्रयोग जगभरच्या अभ्यासकांना मार्गदर्शक ठरला आहे. मॉरिशसच्या उत्तरेकडच्या राउंड आयलंड या बेटावरही २००७ पासून कासवे सोडली गेली; बकऱ्या आणि सशांनी बोडके केलेले ते बेट १९८६ पर्यंत या दोन्हींपासून मुक्त झाले होते.

जुलै २०२० मध्ये वाकाशियो हे मालवाहू जहाज इल ओ एग्रेतजवळच्या प्रवाळभिंतीवर अडकले आणि ऑगस्टमध्ये सुमारे १,००० टन इंधन समुद्रात सांडले. कार्यकर्त्यांनी रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपे तातडीने मुख्य बेटावर हलवली. आग्नेयेकडच्या लहान बेटांवरच्या काही पाली आणि सापसुरळ्या इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन जपल्या.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत गुलाबी कबूतर २०१८ मध्ये आणि एको पोपट २०१९ मध्ये 'संकटग्रस्त' वर्गातून त्याहून कमी धोक्याच्या 'असुरक्षित' वर्गात आले. खरूचीची संख्या मात्र पुन्हा घटल्याने २०१४ मध्ये तिची नोंद परत 'संकटग्रस्त' अशी करावी लागली.